आर. ए. फॅक्टरचा आकडा आणि आजची सांधेदुखी : रिपोर्ट वाचताना काय समजून घ्यावे?



आपल्या ब्लॉगवर आपण नेहमी भाषा, गणित, परिसर अभ्यास यांतले घटक घेतो. आजचा घटक थोडा वेगळा आहे, पण आपल्या कामाचा आहे. पालकसभा संपली की एखाद्या आई किंवा आजी पिशवीतून कागद काढतात आणि म्हणतात, "मॅडम, तेवढा हा रिपोर्ट बघा ना जरा." खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. आपण डॉक्टर नाही, औषध सांगणं आपलं काम नाही. पण रिपोर्टवरचे शब्द आणि आकडे समजावून देणं आपल्याला जमू शकतं.

अशा कागदांवर बऱ्याचदा 'आर. ए. फॅक्टर' किंवा 'अँटी-सीसीपी' असं लिहिलेलं असतं आणि समोर ठळक आकडा असतो. मग दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "आकडा वाढलाय, म्हणजे आजार वाढला का?" दुसरा, "आकडा कमी आलाय, आता गोळ्या बंद करू का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर नुसत्या त्या आकड्यावरून देता येत नाही. असं का, हेच आज समजून घेऊ.

आमवात म्हणजे काय?

आपल्याकडे सांधे दुखले की सरसकट 'वात' म्हणतात. त्यात दोन मोठे प्रकार वेगळे करायला हवेत. एक झिजेचा संधिवात. वय वाढतं, गुडघ्यातली कूर्चा झिजते, जिना चढताना दुखतं. दुसरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, आणि ही सूज तशीच राहिली तर ती शेजारची कूर्चा आणि हाड पोखरू लागते.

आमवात ओळखण्याच्या काही खुणा आहेत. हाताच्या बोटांचे लहान सांधे आणि मनगटं सुजतात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला अर्धा तास, तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन-तीन पट जास्त आढळतो, आणि तो फक्त म्हातारपणाचा नाही. तिशी-चाळिशीतल्या बाईलाही होतो. सकाळी कणीक मळता येत नाही, पातेलं उचलताना मनगटातून कळ येते, खडू धरवत नाही, अशा तक्रारी असतील तर दुर्लक्ष करू नये. हाडांचं नुकसान अनेकदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं.

प्रतिपिंड : शाळेत शिकवतो तोच धडा

लसीकरणाचा पाठ आठवा. शरीरात जंतू शिरला की त्याला ओळखणारी खास प्रथिनं तयार होतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात, बोलीत अँटिबॉडी. हे प्रतिपिंड फक्त बाहेरच्या शत्रूला चिकटावेत अशी अपेक्षा असते. आमवातात मात्र स्वतःच्याच प्रथिनांना चिकटणारे प्रतिपिंड तयार होतात. रक्ततपासणीत प्रामुख्याने दोन पाहिले जातात.

पहिला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, म्हणजेच आपला आर. ए. फॅक्टर. हा प्रतिपिंडाविरुद्धचा प्रतिपिंड आहे! आपल्याच शरीरातल्या 'आयजी-जी' नावाच्या प्रतिपिंडाच्या शेपटाकडच्या भागाला तो चिकटतो. नॉर्वेचे एरिक वालर यांना एक गोष्ट दिसली. प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींमध्ये आमवाताच्या रुग्णाच्या रक्तातला द्रव मिसळला की त्या पेशींच्या गुठळ्या होतात. हे त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलं. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळलं. म्हणून जुन्या पुस्तकांत या तपासणीला 'वालर-रोझ चाचणी' म्हणतात.

दुसरा अँटी-सीसीपी. आपल्या प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. सूज असलेल्या ठिकाणी एक विकर त्याचं रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतं. आमवात असलेल्या बहुतेकांचं शरीर या बदललेल्या प्रथिनाला परकं समजतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवतं. यात सिट्रुलिनच महत्त्वाचं आहे, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. मुलांना सांगण्यासारखी एक गंमत म्हणजे सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून आलं आहे, कारण ते आधी कलिंगडाच्या रसात सापडलं होतं. पण कलिंगड खाण्याचा आणि या आजाराचा काही संबंध नाही, हेही लगेच सांगून टाका. नाहीतर घरी उन्हाळ्यात कलिंगड बंद व्हायचं!

जनरल रजिस्टर आणि आजची हजेरी

आता मुख्य मुद्दा. आपल्याला कळेल अशाच भाषेत सांगते.

शाळेत दोन नोंदवह्या असतात. एक जनरल रजिस्टर. मूल कधी दाखल झालं, जन्मतारीख काय, याची कायमची नोंद त्यात असते. दुसरा हजेरीपट. आज वर्गात कोण आहे, हे त्यावरून कळतं. जनरल रजिस्टर बघून आजची हजेरी सांगता येईल का? नाही. नाव रजिस्टरात आहे, पण मूल आज गावाला गेलेलं असेल.

रक्तातले प्रतिपिंड म्हणजे जनरल रजिस्टरातली नोंद. शरीरात या आजाराची प्रवृत्ती दाखल झाली आहे, एवढं ती सांगते. आज सांध्यात सूज किती, दुखणं किती, म्हणजे आजार आज किती सक्रिय आहे, ही झाली हजेरी. ती वेगळीच मोजावी लागते.

समजा, दोन बायका आहेत. पहिलीचा आर. ए. फॅक्टर ३०० आहे, पण औषधं नियमित घेतल्यामुळे एकही सांधा सुजलेला नाही, सकाळी हात आखडत नाहीत. तिचा आजार आज शांत आहे. दुसरीचा आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आहे, पण आठ सांधे सुजलेत, पदर खोचायलाही त्रास होतोय. तिचा आजार आज जोरात असू शकतो, कारण आमवाताच्या शंभर रुग्णांपैकी साधारण वीस ते तीस जणांमध्ये हा फॅक्टर सापडतच नाही. नुसता रिपोर्ट पाहणारा माणूस पहिलीला घाबरवेल आणि दुसरीला "काही नाही, नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवेल. नुकसान दुसरीच्या हाडांचं होईल.

आकडा दुखण्याबरोबर का हलत नाही?

याचं उत्तरही लसीकरणाच्या पाठातच आहे. लहानपणी गोवर होऊन गेला किंवा लस घेतली, की त्याचे प्रतिपिंड वर्षानुवर्षं रक्तात राहतात. कारण ते बनवणाऱ्या काही पेशी अस्थिमज्जेत दीर्घकाळ जिवंत असतात आणि काम चालूच ठेवतात. आज तुमच्या रक्तात गोवराचे प्रतिपिंड सापडले म्हणून कुणी "तुम्हाला आज गोवर झालाय" असं म्हणत नाही.

आमवाताच्या प्रतिपिंडांचंही बरंचसं तसंच आहे. आयजी-जी प्रकारचा प्रतिपिंड रक्तात निम्मा व्हायलाच साधारण तीन आठवडे लागतात, आणि तोवर नवे तयार होतच असतात. याउलट सीआरपी नावाचं प्रथिन बघा. ते यकृत बनवतं. सूज भडकली की काही तासांत वाढतं, आणि सूज ओसरली की रक्तातलं त्याचं प्रमाण दिवसाच्या आत निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून 'आत्ता' काय चाललंय याचा अंदाज सीआरपीवरून जास्त चांगला येतो.

याचा आणखी एक पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये ७९ रुग्णांनी आजार होण्याआधी रक्तदान केलेलं होतं, आणि त्यांचे ते जुने नमुने साठवलेले होते. ते तपासले तेव्हा जवळजवळ निम्म्या लोकांमध्ये सांधा दुखायच्या कितीतरी आधीच यांपैकी एखादा प्रतिपिंड सापडला. तो पहिल्यांदा दिसण्याचा मध्यक काळ लक्षणांच्या साडेचार वर्षं आधीचा होता. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. प्रतिपिंड रक्तात आहेत, पण सूज नाही आणि दुखणंही नाही, अशी वर्षंच्या वर्षं जाऊ शकतात.

इथे एक बारकावा सांगायला हवा. दोन्हींचा काहीच संबंध नाही, असंही नाही. ज्यांचे प्रतिपिंड खूप जास्त असतात, त्यांच्यात आजार तीव्र होण्याची आणि हाडं पोखरली जाण्याची शक्यता सरासरीने जास्त असते. उपचाराने अनेकांचा आर. ए. फॅक्टर काही प्रमाणात उतरतोही. अँटी-सीसीपी मात्र सहसा फारसा हलत नाही. आजार पूर्ण शांत झाल्यावरही तो पॉझिटिव्हच राहणं, हे नेहमीचंच आहे. त्यामुळे एका रुग्णाचा या महिन्याचा आणि गेल्या महिन्याचा आकडा शेजारी ठेवून 'वाढला', 'कमी झाला' असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय प्रत्येक लॅबची पद्धत आणि मर्यादा वेगळी असते. कुठे १४ पर्यंत नॉर्मल लिहितात, कुठे २० पर्यंत. दोन लॅबच्या आकड्यांची तुलना म्हणजे एकाला ५० पैकी आणि दुसऱ्याला ८० पैकी गुण देऊन नंबर काढण्यासारखं आहे.

मग आजची हजेरी कशी घेतात?

डॉक्टर हातांनी दाबून सांधे तपासतात आणि मोजतात. जगभर २८ सांध्यांची यादी वापरतात. दोन खांदे, दोन कोपर, दोन मनगटं, दोन गुडघे, हे झाले ८. दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाचे १० आणि बोटांच्या मधल्या पेरांचे (अंगठ्याचा एकच) १०. एकूण २८. पायाच्या बोटांचे सांधे या यादीत नाहीत, म्हणून चवडे दुखत असतील तर ते आपण होऊन डॉक्टरांना सांगायचं.

एक सोपी पद्धत आहे, तिला 'सीडीएआय' म्हणतात. त्यात चार संख्यांची फक्त बेरीज करायची असते :

१. दाबल्यावर दुखणारे सांधे (० ते २८)
२. सुजलेले सांधे (० ते २८)
३. रुग्णाने आपल्या आजाराला दिलेले गुण (० ते १०)
४. डॉक्टरांनी दिलेले गुण (० ते १०)

जास्तीत जास्त बेरीज ७६. बेरीज २.८ किंवा त्याखाली असेल तर आजार शांत. १० पर्यंत सौम्य, १० च्या वर २२ पर्यंत मध्यम आणि २२ च्या वर तीव्र.

एक उदाहरण सोडवू. दुखणारे ६, सुजलेले ४, रुग्णाचे गुण ५, डॉक्टरांचे ४. बेरीज १९, म्हणजे मध्यम. उपचारांनंतर दुखणारा १, सुजलेला ०, रुग्णाचा गुण १, डॉक्टरांचा अर्धा. बेरीज २.५, म्हणजे आजार शांत.

या बेरजेत रक्ताचा एकही आकडा नाही, हे लक्षात आलं का? 'डीएएस-२८' नावाची दुसरी पद्धत आहे, तिच्या सूत्रात ईएसआर किंवा सीआरपी घेतात. पण तिच्यातही आर. ए. फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी नाही. आजाराची हजेरी घेणाऱ्या या नेहमीच्या पद्धतींत प्रतिपिंडांना जागाच ठेवलेली नाही.

ईएसआर आणि सीआरपीलाही मर्यादा आहेत. ईएसआर रक्तक्षयाने, वयाने, गरोदरपणातही वाढतो. साध्या तापा-खोकल्याने दोन्ही वाढू शकतात. म्हणून तेही सांध्यांच्या तपासणीला जोडूनच वाचायचे.

पॉझिटिव्ह म्हणजे आमवातच का?

आता थोडं गणित. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉपकॉर्ड' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाअंतर्गत सांध्यांच्या आजारांची घरोघरी पाहणी केली. तिथे प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का आढळलं. म्हणजे हजारात पाच.

हजार प्रौढांचा एक गाव धरू. पाच रुग्णांपैकी चौघांचा आर. ए. फॅक्टर पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९९५ जणांना आमवात नाही. पण निरोगी माणसांतही काहींचा हा फॅक्टर पॉझिटिव्ह असतो, आणि म्हातारपणी हे प्रमाण वाढतं. आपण ५ टक्के धरू. म्हणजे जवळजवळ ५० जण. आता सगळ्या गावाची तपासणी केली, तर ५४ जण पॉझिटिव्ह येतील आणि त्यांतल्या फक्त चौघांना आमवात असेल!

सांधे सुजलेले नसताना नुसती पॅकेजमध्ये आहे म्हणून ही तपासणी केली की असं होतं. क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस-सी अशा आजारांतही आर. ए. फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी याबाबतीत जास्त भरवशाचा आहे, आमवात नसलेल्यांत तो क्वचितच पॉझिटिव्ह येतो. आणखी एक गोष्ट, चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात आणि ते दुखणं आमवातासारखं दिसतं. म्हणून डॉक्टरांना आधीच्या तापाबद्दल जरूर सांगावं.

मग ही तपासणी करायचीच कशाला?

करायची, पण योग्य कामासाठी. २०१० साली अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून आमवात ठरवण्यासाठी १० गुणांची पद्धत तयार केली. निदान एक सांधा स्पष्ट सुजलेला आहे आणि त्याला दुसरं कारण सापडत नाही, अशा रुग्णासाठी ती वापरतात. सांध्यांना ५ पर्यंत, प्रतिपिंडांना ३ पर्यंत, ईएसआर-सीआरपीला १ आणि सहा आठवडे किंवा जास्त काळ त्रास असेल तर १ गुण. सहा किंवा जास्त गुण मिळाले तर आमवात धरतात.

बघा, प्रतिपिंड कितीही जास्त असले तरी गुण तीनच. नुसत्या रक्तावर 'पास' होता येत नाही. आणि प्रतिपिंड शून्य असले तरी दहापेक्षा जास्त सांध्यांचे ५, रक्तातल्या सुजेचा १ आणि कालावधीचा १ मिळून ७ होऊ शकतात.

म्हणजे या तपासणीची कामं दोन. एक, निदानाला मदत करणं. दोन, पुढे आजार किती तीव्र होऊ शकतो याचा अंदाज देणं, म्हणजे डॉक्टर सुरुवातीपासूनच जास्त लक्ष ठेवतात. ही कामं एकदा झाली की दर दोन-तीन महिन्यांनी अँटी-सीसीपी करत बसण्याची सहसा गरज नसते. तो खर्च वाचवून तज्ज्ञांकडे वेळेवर फेरतपासणी केलेली बरी.

आपल्या वर्गातली मुलं

शिक्षक म्हणून हा भाग विसरू नका. लहान मुलांनाही सांध्यांचा दीर्घ आजार होतो. पण तो मोठ्यांच्या आमवातापेक्षा वेगळा असतो आणि बहुतेक मुलांमध्ये आर. ए. फॅक्टर निगेटिव्हच असतो. पॉझिटिव्ह मुलं शंभरात पाचेक. म्हणून "रिपोर्ट निगेटिव्ह आहे, नाटक करतोय" असं म्हणू नये. एखादं मूल प्रार्थनेच्या वेळी लंगडतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत ठीक होतं, खाली मांडी घालून बसायला टाळतं, पेन्सिल धरताना मनगट वाकवत नाही, गुडघा सहा आठवडे सुजलेलाच आहे, असं दिसलं तर पालकांना बोलवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. काही मुलांमध्ये याच आजाराने डोळ्यांच्या आत सूज येते आणि ती दुखतही नाही. म्हणून डोळ्यांची तपासणीही लागते.

घरी काय करावं?

१. रिपोर्टबरोबर स्वतःची नोंद ठेवा. सकाळी हात किती मिनिटं आखडतात, कोणते सांधे सुजलेत, कोणतं काम जमलं नाही, हे वहीत लिहा. डॉक्टरांना याचा खूप उपयोग होतो.

२. आर. ए. फॅक्टर कमी आला म्हणून औषध बंद करू नका. बरं वाटतंय ते बऱ्याचदा औषधामुळेच. डोस कमी करायचा का, हे तज्ज्ञ सांध्यांकडे बघून ठरवतात.

३. फॅक्टर तेवढाच राहिला म्हणून खचू नका. सूज गेली, हात मोकळे झाले, तर उपचार लागू पडतोय.

४. उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर पुन्हा तज्ज्ञांना भेटा. औषध बदलण्याचा विचार करायची ती वेळ असते.

५. मेथोट्रेक्सेट ही या आजारातली नेहमीची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. गोळीचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगणं अत्यावश्यक आहे.

६. विडी-सिगारेट सोडा. धूम्रपानाचा अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताशी संबंध दिसून आला आहे.

आपल्याकडे बाईचं दुखणं बहुधा "कामाने दुखतंय" म्हणून मागे पडतं. त्यात एक निगेटिव्ह रिपोर्ट हाती आला की घरातले निश्चिंत होतात आणि तिची सकाळ तशीच जाते. म्हणून पुढच्या वेळी कुणी असा कागद घेऊन आलं, तर आकड्यावर बोट ठेवण्याआधी विचारा, "हात दाखवा बघू. सूज आहे का? सकाळी मूठ वळते का?" उत्तर 'सूज आहे' किंवा 'वळत नाही' असं असेल, तर रिपोर्ट काहीही असो, त्यांना संधिवाततज्ज्ञांचा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवा.

(ही माहिती शैक्षणिक उद्देशाने दिली आहे. निदान आणि उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत. लेख उपयोगी वाटल्यास आपल्या शाळेच्या पालक गटात जरूर पाठवा.)